फोंड्याच्या बाईंचा संगणक: नवं काही आणण्याआधी आतलं नको ते काढा

पत्र:

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातली निवृत्त शिक्षिका. घरात एक जुना संगणक आहे, विंडोज १० असलेला. त्यावर मी मराठीत लेख टाइप करते, नाट्यगीतं आणि अभंग उतरवून घेते, विजेचं बिल भरते आणि बँकेतल्या ठेवी बघते. चवथीला मुलीकडची मंडळी आली होती, तेव्हा नातू त्यावर गेम खेळत होता. त्यानंतर स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात सारख्या जाहिराती यायला लागल्या. गेल्या आठवड्यात तर अख्खी स्क्रीन निळी झाली, भोंगा वाजू लागला आणि ‘तुमचा संगणक लॉक झाला आहे, मायक्रोसॉफ्टला या नंबरवर फोन करा’ असं आलं. घाबरून मी फोन लावला. समोरच्या माणसाने एक प्रोग्राम उतरवून घ्यायला सांगितलं. मी ते करत असतानाच वीज गेली आणि बोलणं तुटलं.

दुकानदार म्हणतो, चांगला महागाचा अँटिव्हायरस घ्या. मुलगा जहाजावर आहे, तो म्हणतो व्हीपीएन घे, त्याने आपलं इंटरनेट दुसऱ्या कंपनीच्या वाटेने लपून जातं म्हणे. यजमान म्हणतात, नेट बँकिंगच बंद करून टाक. त्यात आणखी एक: गुडघ्याचा पट्टा मी एकदाच शोधला, तर आता यजमानांच्या मोबाईलवरही गुडघ्याच्याच जाहिराती दिसतात. आमच्यावर कोणी पाळत ठेवून आहे का? आणि मी कोणाचं ऐकू?

उत्तर:

बाई, भोंगा वाजवणाऱ्या त्या पानाने तुमचा संगणक लॉक केला नव्हता. ते एक वेबपान होतं, कुठल्यातरी जाहिरातीतून उघडलेलं. पान पूर्ण स्क्रीनभर पसरतं, आवाज सुरू करतं, माउसचा बाण दिसेनासा करतं, आणि माणसाला वाटतं की आता काहीच चालत नाही. ते आलं म्हणजे तुमच्या फायली किंवा पासवर्ड कोणी वाचले असं होत नाही. त्याचा सगळा डाव तुम्ही फोन उचलण्यावर असतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, एवढं लक्षात राहिलं तरी पुढच्या वेळी हात फोनकडे जाणार नाही. असं पान पुन्हा आलं तर एस्केपचं बटण दाबून धरा. तेवढ्याने हटलं नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, समोर आलेल्या यादीत ब्राउझरचं, म्हणजे क्रोमसारख्या इंटरनेट बघायच्या प्रोग्रामचं, नाव निवडा आणि ‘एंड टास्क’ करा. ब्राउझर परत उघडल्यावर तो ‘रिस्टोअर पेजेस’ विचारेल, त्याला नाही म्हणा, नाहीतर तेच पान परत येतं.

अशा फोनमागे बसलेली माणसं आपल्याच देशातही आहेत. सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र’ या नावाने ज्या धाडी घातल्या, त्यांत मायक्रोसॉफ्टच्या तक्रारीवरून अशी तांत्रिक मदतीची सोंगं घेणारी कॉल सेंटर पकडली गेली. ती माणसं दिवसभर हेच काम करतात आणि घाबरलेल्या माणसाशी कसं बोलायचं हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. म्हणून तुम्ही फोन लावलात याची खंत करत बसू नका.

काळजीची गोष्ट वेगळी आहे. त्याने तुम्हाला जो प्रोग्राम उतरवायला सांगितला, तो बहुधा एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरच्या जातीचा असणार. हे प्रोग्राम स्वतः खोटे नाहीत, कचेऱ्यांमध्ये रोज वापरले जातात. पण त्यातून दुसऱ्या माणसाला तुमची स्क्रीन दिसते आणि तुमचा माउस त्याच्या हातात जातो. वीज नेमकी कोणत्या क्षणी गेली ते आठवून बघा. प्रोग्राम उघडल्यावर स्क्रीनवर एक लांब नंबर दिसला का? तो तुम्ही त्याला वाचून दाखवलात का? नंतर ‘ॲक्सेप्ट’ दाबलंत का? नुसतं उतरवणं चाललं होतं तेवढ्यात वीज गेली असेल, तर तो आत आलेला नाही. तरी ‘डाउनलोड्स’ फोल्डर उघडून ती फाइल पुसा, कारण एनीडेस्कसारखा प्रोग्राम रीतसर इन्स्टॉल न करताही चालतो. इन्स्टॉल झालेल्या ॲप्सच्या यादीतही एकदा बघा.

आणि नंबर सांगितला होता, ‘ॲक्सेप्ट’ही दाबलं होतं, असं आठवत असेल तर आजच्या आज तीन गोष्टी करा. संगणकाचं इंटरनेट तोडा. यजमानांच्या मोबाईलवरून आधी ईमेलचा आणि मग बँकेचा पासवर्ड बदला. बँकेत फोन करून नेट बँकिंग तात्पुरतं थांबवायला सांगा. त्या संगणकावर बसून पासवर्ड बदलू नका. आत काही शिरलेलं असेल तर नवा पासवर्डही त्यालाच मिळेल.

आता दुकानदार आणि तुमचा मुलगा. दोघांचं मन स्वच्छ आहे असं धरून चालू. पण दोघं सांगतात ते एकाच जातीचं: आणखी काहीतरी आणा. माझं म्हणणं उलट आहे. तुमच्या संगणकाला आत्ता नव्या वस्तूची गरज नाही, त्याच्यातलं नको ते बाहेर काढायची गरज आहे. घरच्या संगणकावर होणारा बहुतेक उपद्रव आपणच कधीतरी दिलेल्या परवानगीतून होतो. तीच परवानगी शोधून काढून घ्यायची.

कोपऱ्यातल्या जाहिरातींपासून सुरुवात करा, कारण ते सगळ्यात सोपं. त्या जाहिराती व्हायरस नाहीत, त्या ‘नोटिफिकेशन्स’ आहेत. गाणी फुकट उतरवायच्या साइटींवर एक चौकट येते: ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा’. अलाऊ दाबलं की त्या साइटला तुमच्या स्क्रीनवर हवं तेव्हा चिठ्ठी टाकायचा हक्क मिळतो, साइट बंद असली तरी. क्रोममध्ये वरच्या उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके, मग सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी मिळालेल्या साइटींची यादी दिसेल. अनोळखी नावं सगळी काढून टाका, आणि वरचा पर्याय असा करा की यापुढे कुठल्याच साइटने हे विचारायचंही नाही. बातम्यांच्या साइटींनाही ही परवानगी लागत नाही. बातमी वाचायची तेव्हा आपण जाऊन वाचतो.

दुसरी जागा एक्सटेन्शन्सची. ब्राउझरला चिकटवलेले छोटे जोडप्रोग्राम म्हणजे एक्सटेन्शन्स. बरेच जण परवानगी मागतात ती ‘तुम्ही भेट द्याल त्या सर्व साइटींवरची माहिती वाचणं आणि बदलणं’ अशी. सर्व साइटी म्हणजे बँकही त्यात आली. तीन ठिपक्यांतून ‘एक्सटेन्शन्स’ उघडा आणि एकेक वाचा. कूपन शोधणारं, पीडीएफ करून देणारं, हवामान दाखवणारं, फुकट व्हीपीएनचं, नातवाच्या गेमचं, सगळी काढा. एखादं काढल्यावर अडलंच तर ते परत घालता येतं. त्यानंतर सेटिंग्जमधल्या ‘रीसेट सेटिंग्ज’मधून क्रोम मूळ स्थितीवर आणा. बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड त्याने जात नाहीत. बदललेलं सर्च इंजिन आणि सुरुवातीचं पान मात्र पूर्ववत होतं.

तुम्ही मराठीत टाइप करता हे वाचून मला नातवाच्या गेमपेक्षा दुसरीच शंका आली. मराठी टायपिंगच्या नावाने आपली माणसं फार वाईट जागी जातात. विंडोजसाठी गूगलचं जे इनपुट टूल एके काळी मिळायचं, ते गूगलने कधीच काढून घेतलं. तरी त्याच्या प्रती कुठल्या कुठल्या साइटींवर पडून आहेत. तिथे हिरवं, ठसठशीत ‘डाउनलोड’ बटण असतं ते प्रोग्रामचं नसून जाहिरातीचं असतं. खरा प्रोग्राम उतरला तरी त्याच्यासोबत आणखी काय आलं ते कळत नाही. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये करून देणारे प्रोग्राम, ‘मराठी फाँट्स फ्री’ची झिप फाइल, यांचंही तेच. हे मी कळकळीने लिहितो आहे, कारण गोव्यात मराठीत लिहिणारी, अंकांसाठी मजकूर टाइप करून पाठवणारी बरीच मंडळी तुमच्याच वयाची आहेत, आणि भाषेच्या ओढीने केलेल्या एका क्लिकमुळे त्यांनी लुबाडलं जावं हे मला बघवत नाही.

खरं तर तुम्हाला काहीच उतरवायला नको. विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच दिलेला आहे. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात लँग्वेज, त्यात मराठी जोडा आणि तिच्या पर्यायांमधून ‘मराठी फोनेटिक’ निवडा. रोमन अक्षरांत लिहीत जायचं, देवनागरी उमटत जाते. हे चालू झालं की आधी घातलेलं टायपिंगचं सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करा.

तेवढ्यावर थांबू नका. सेटिंग्जमध्ये ॲप्सची पूर्ण यादी उघडा आणि ती तारखेप्रमाणे लावा. चवथीच्या दिवसांत काय काय आलं ते तिथे दिसेल. ‘मोड’, ‘क्रॅक’, ‘ॲक्टिव्हेटर’ असली नावं दिसली तर ती गोष्ट मी गंभीर मानतो. दुकानदाराने विंडोज किंवा ऑफिस ‘फुकटात घालून दिलं’ असेल, तर तेही याच रांगेत बसतं. सॉफ्टवेअर चोरून वापरता यावं म्हणून त्याचं कुलूप उघडणाऱ्या या प्रोग्रामांतून बऱ्याचदा माहिती चोरणारं सॉफ्टवेअर येतं. ते गाजावाजा करत नाही, भोंगा वाजवत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि तुम्ही लॉग-इन असल्याच्या खुणा उचलतं आणि निघून जातं. त्या खुणा मिळाल्या की चोराला तुमच्या ईमेलमध्ये पासवर्डही लागत नाही, ओटीपीही लागत नाही. म्हणून असं काही सापडलं तर नुसतं काढून भागणार नाही. फायली बाहेर एखाद्या पेनड्राइव्हवर घेऊन विंडोज नव्याने घालणं हेच बरं. गूगलच्या खात्यात ‘युवर डिव्हाइसेस’मध्ये जाऊन सगळीकडून साइन-आउटही करा.

यादीत तसलं काही नसेल तर विंडोजमध्येच असलेल्या डिफेंडर या अँटिव्हायरसकडून एक खोल तपासणी करून घ्या. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, आणि तिथे ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’. संगणक बंद होऊन परत सुरू होतो आणि विंडोज उघडण्याआधीच तपासणी होते, साधारण पाव तासाचं काम. मध्येच वीज जाईल तर इन्व्हर्टर असलेला बरा. केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून चालू आहे, तिथेही सफाईची साधनं फुकट मिळतात.

डिफेंडर चालू असेल आणि अपडेट होत असेल, तर दुकानदाराच्या महागड्या अँटिव्हायरसची तुम्हाला गरज नाही. ते पैसे तुम्हाला पुढे लागणार आहेत.

कारण तुमचं विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याला आधार देणं थांबवलं. संगणक चालतच राहतो, त्यामुळे फरक जाणवत नाही, पण त्या तारखेनंतर सापडणारी भोकं आपोआप बुजवली जात नाहीत. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट्सची एक वाढीव योजना आहे, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ती पैसे न देता मिळते, नाहीतर ३० डॉलर. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो. पण हा कायमचा इलाज नाही. जुन्या संगणकांना विंडोज ११ बहुधा चालत नाही, त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. तसं असेल तर दोन वाटा: नवा संगणक, नाहीतर याच संगणकावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली, जी फुकट आहे आणि तुमच्या कामाला पुरतं. अँटिव्हायरसचे पैसे वाचवून ठेवा म्हणालो ते यासाठी.

आता पैशांच्या सुरक्षिततेची गोष्ट. माझ्या मते सगळ्या पत्राचं उत्तर एका सवयीत आहे: बँकेचा ब्राउझर वेगळा ठेवा. लोणच्याच्या बरणीत आपण ओला चमचा घालत नाही, तसं. तुमच्या संगणकात एज हा ब्राउझर आधीच आहे. तो फक्त पैशांच्या आणि सरकारी कामांसाठी राखून ठेवा. त्यात एकही एक्सटेन्शन नको, पासवर्ड साठवायचे नाहीत, गूगलवर काही शोधायचं नाही, गाणी नाहीत, बातम्या नाहीत. बँक, वीज खातं, गोवा ऑनलाइन, आयकर, एवढ्यांचे पत्ते एकदा नीट तपासून बुकमार्क करा आणि कायम त्यावरूनच आत जा. काम झालं की लॉग-आउट करून तो बंद.

बाकी सगळ्या भटकंतीला फायरफॉक्स घ्या, आणि त्यात एकच एक्सटेन्शन घाला: यूब्लॉक ओरिजिन. ते जाहिराती अडवतं, रेमंड हिल या माणसाने बनवलेलं, फुकट आणि खुलं आहे. घालताना त्याचं नाव बघून घ्या, कारण मिळत्याजुळत्या नावांची दुसरीही असतात. क्रोममध्ये आता त्याची पूर्ण आवृत्ती चालत नाही, ‘लाइट’ आवृत्ती चालते, म्हणून फायरफॉक्स म्हणालो. तुम्हाला जे भोंग्याचं पान आलं ते जाहिरातीच्या वाटेने आलं. ती वाटच बंद झाली की अशी पानं फार कमी दिसतील. अँटिव्हायरसने झालं नसतं इतकं काम हे एक छोटं साधन करतं. काही बातम्यांच्या साइटी कुरकुर करतील, त्यातली जी तुम्हाला मनापासून आवडते तिच्यापुरतं ते बंद ठेवा, तिलाही जगायचं असतं.

पत्ता तपासायचा म्हणजे काय, तेही सांगतो. पत्त्याच्या पट्टीत सुरुवातीचं ‘https://’ दिसत असेल तर ते सोडून, पुढच्या पहिल्या तिरक्या रेषेच्या अगदी आधी काय आहे ते बघायचं. तिथे शेवट ‘डॉट बँक डॉट इन’ असा हवा. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साइटी या पत्त्यावर न्यायला सांगितलं होतं, आणि हा शेवट खऱ्या बँकेशिवाय कोणाला मिळत नाही. सरकारी कामाला शेवट ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’. नावात बँकेचं नाव असणं पुरेसं नाही, ते कोणीही घालतं. पट्टीतल्या कुलपाच्या चित्रावरही विसंबू नका. कुलूप म्हणजे वाटेत कोणी वाचत नाही एवढंच, पलीकडे चोर बसला असेल तर तो चोरच. लोकांचा हा गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चित्रच बदललं.

आपल्याकडे माणसं कुठे फसतात? ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर संपर्क साधा’ या मेसेजमध्ये. बँकेचा ग्राहक सेवा नंबर गूगलवर शोधून पहिल्या, ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेल्या ओळीवर क्लिक करण्यात. कळंगुट-कांदोळीच्या बंगल्यांचे फोटो लावून खोटं बुकिंग घेणाऱ्या साइटींवर, ज्यांत पैसे बाहेरच्या पाहुण्यांचे जातात आणि नाव आपल्या गावाचं. जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढून देतो म्हणणाऱ्या, पैसे आणि आधार दोन्ही मागणाऱ्या अनोळखी पानापेक्षा सरकारी पोर्टलवर बसलेलं बरं, वेळ लागला तरी.

पासवर्डांबद्दल थोडक्यात. ईमेलचा पासवर्ड सगळ्यांत महत्त्वाचा, कारण बाकीच्यांचं ‘पासवर्ड विसरलात?’ तिथेच येतं. तो दुसऱ्या कशालाही वापरू नका आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. नातवाचं नाव आणि जन्मसाल नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या, ‘सुपारी-रेडिओ-पायरी-गुरुवार’ अशा धर्तीचे, पण हे नव्हेत. ते वहीत लिहून कपाटात ठेवलेत तरी माझी हरकत नाही. तुमच्या कपाटापर्यंत येणारा चोर आणि इंटरनेटवरचा चोर वेगळे. संगणकावर ‘पासवर्ड’ नावाची फाइल मात्र करू नका.

गुडघ्याचं तुम्ही विचारलंत, ते मी हलक्यात घेत नाही. माणूस बसून तुम्हाला बघतो आहे, असं नाही. तुम्ही पट्टा बघितलात त्या दुकानाच्या पानात जाहिरात कंपनीचा एक न दिसणारा तुकडा होता. त्याने तुमच्या ब्राउझरमध्ये कुकी नावाची खूण ठेवली. पुढे तुम्ही बातमी वाचायला गेलात, तिथेही त्याच कंपनीचा तुकडा होता, त्याने खूण ओळखली. यजमानांच्या मोबाईलवर कशी गेली? तुमच्या घरचा वायफाय एकच, म्हणून बाहेरून दोघांचा पत्ता एकच दिसतो, आणि कंपन्या त्यावरून एका घरची उपकरणं जुळवतात. दोघं एकाच गूगल खात्यात असाल तर मग जुळवायचीही गरज नाही.

चोरी आणि ही पाळत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाळतीने ठेव मोडली जात नाही. पण घरात कोणाला काय दुखतं, कोण कशाचं औषध शोधतं, कोणाला कर्ज हवं आहे, ही घरातली बोलणी. ती विकली जावीत हे मला पटत नाही, कोणाचं नुकसान दाखवता आलं नाही तरी. म्हणून एवढं करा: फायरफॉक्सच्या प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये पाळतीपासूनचं संरक्षण ‘स्ट्रिक्ट’वर ठेवा. तो ब्राउझर २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज तिच्यापुरत्याच वेगळ्या ठेवतो. गूगलच्या ‘माय ॲड सेंटर’मध्ये वैयक्तिक जाहिराती बंद करा. ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’मध्ये जुन्या नोंदी तीन महिन्यांनी आपोआप पुसल्या जातील असं लावून ठेवा. हे यजमानांच्या मोबाईलवरही करा. दुखण्याबद्दल काही शोधायचं तर गूगल खात्यातून बाहेर पडून शोधा. इनकॉग्निटो खिडकीने घरातल्या दुसऱ्या माणसाला इतिहास दिसत नाही एवढंच होतं, साइटींना आणि इंटरनेट देणाऱ्याला तुम्ही दिसताच. त्यावरून अमेरिकेत गूगलवर खटला झाला आणि २०२४ मध्ये त्या खिडकीतून गोळा केलेली माहिती नष्ट करायचं गूगलला कबूल करावं लागलं.

मुलगा सांगतो त्या व्हीपीएनने यातलं काहीच थांबत नाही. त्याला ते लागत असेल, परक्या बंदरातल्या वायफायवर ते कामाचं आहे. घरी बसून तुम्ही इंटरनेट देणाऱ्यावरचा विश्वास काढून एका अनोळखी कंपनीवर ठेवाल, एवढाच बदल. फुकट व्हीपीएन तर नकोच.

नातवाला संगणक द्यायला मना करू नका. विंडोजमध्ये त्याचं वेगळं खातं काढा, ‘स्टँडर्ड यूजर’ प्रकारचं. त्याला त्याचे गेम खेळता येतील, पण सगळ्या संगणकावर परिणाम करणारं काही घालायचं तर तुमचा पासवर्ड लागेल. तुमचं रोजचं खातंही स्टँडर्ड ठेवलंत तर उत्तम, प्रशासकाचं खातं फक्त काही घालायचं असेल तेव्हाच.

यजमानांना सांगा, नेट बँकिंग बंद करायची गरज नाही, पण त्यांची भीती खोटी नाही. नेट बँकिंगमधून ठेव मुदतीआधी मोडता येते आणि चोर नेमकं तेच करतो: ठेव मोडतो, बचत खात्यात आणतो, पुढे पाठवतो. शाखेत जाऊन विचारा, ठेव मोडायची ऑनलाइन सोय बंद करता येते का. पैसे पाठवायची मर्यादा तुमच्या गरजेइतकी खाली आणा. पुष्कळ बँकांत फक्त बघण्यापुरतं नेट बँकिंगही मिळतं, ठेवी बघायच्या असतील तर तेवढं पुरे. ठेवींचं खातं आणि विजेचं बिल भरायचं खातं वेगळं ठेवलंत तर आणखी चांगलं.

तरीही पैसे गेले, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, रात्र असली तरी. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी अडवायची ती व्यवस्था आहे, तिथे तासातासाला फरक पडतो. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार नोंदवता येते, आणि रायबंदरला आपल्या पोलिसांचं सायबर गुन्हे स्थानक आहे. बँकेलाही लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमाप्रमाणे, चूक बँकेची किंवा तुमची नसताना तिसऱ्याच ठिकाणी झाली असेल आणि तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमच्यावर बोजा येत नाही. ओटीपी किंवा पासवर्ड तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजेने एक रात्रही थांबू नका.

हे सगळं एकटीने जमणार नाही असं वाटलं, तर मुलाला जहाजावरून मदत करू द्या. विंडोजमध्ये ‘क्विक असिस्ट’ आहे, त्यातून तो तुमची स्क्रीन बघू शकतो. फक्त फोन तुम्ही त्याच्या नेहमीच्या नंबरवर लावायचा, आलेल्या फोनवरून ही गोष्ट सुरू करायची नाही. त्या वेळी एज बंद असावा, आणि काम झालं की क्विक असिस्टही बंद करायचं.